पाठशुद्धी आणि पदरची ओवी



शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली हे तुम्हाला ठाऊकच आहे. ग्रंथ झाला शके १२१२ मध्ये. मधल्या जवळजवळ तीनशे वर्षांत हाताने नकला होत गेल्या. कुठे अक्षर सुटले, कुठे शब्द फिरला, कुठे कुणा उत्साही माणसाने आपली ओवी मध्येच बसवून दिली. नाथांनी पाठ पडताळले, बिघडलेले नीट केले आणि शेवटी ताकीद देऊन ठेवली की या ग्रंथात कुणी पदरची ओवी घालू नये. ही दोन वेगळी कामे आहेत. बिघडलेले अक्षर जागेवर आणणे हे एक, आणि ग्रंथ ‘आणखी चांगला’ व्हावा म्हणून त्यात आपले घालणे हे दुसरे. पहिले काम नाथांनी स्वतः केले, दुसऱ्याला मनाई केली. लेखणी मात्र दोन्ही कामांना एकच लागते.

आज अशी एक लेखणी माणसाच्या हाती आली आहे की जी कागदावर चालत नाही, रक्तामांसात चालते. तिला जनुक-संपादन म्हणतात. आपल्या सप्ताहांच्या मंडपात तिच्याविषयी मी दोन सूर ऐकले आणि दोन्ही ऐकून अंगावर काटा आला. एक वक्ते म्हणाले, यात नवे काय, गांधारीच्या शंभर घड्यांत हेच होते. दुसरे म्हणाले, रोग हे प्रारब्ध आहे, त्यात हात घालणे म्हणजे देवाच्या कामात ढवळाढवळ. पहिल्या महाराजांना मी एवढेच विचारीन की घड्यांची रीत ठाऊक होती तर आपल्याकडच्या लेकरांची दुखणी इतकी शतके का राहिली? दुसऱ्यांकडे पुढे येतो. आणि मंडपाबाहेर तिसरा सूर आहे, तो फार गोड आहे, त्याच्याशी माझे खरे भांडण आहे. तो म्हणतो, रोग तर बरे करूच, पण तेवढ्यावर का थांबा? मूल उंच करू, बुद्धिमान करू, थकणार नाही असे करू.

आधी हे काम कसे चालते ते समजून घेऊ. न समजता केलेला निषेध आणि न समजता केलेला जयजयकार यांत फारसा फरक नसतो.

आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत एक पोथी आहे. तिचे नाव डीएनए. ती चार अक्षरांत लिहिलेली आहे आणि तिची लांबी सुमारे तीनशे कोटी अक्षरजोड्यांची आहे. आईकडून एक प्रत येते, बापाकडून एक. या पोथीत वीस हजारांच्या आसपास अशा जागा आहेत की जिथे शरीराला लागणारे एकेक प्रथिन कसे घडवायचे ते लिहिले आहे. त्या जागा म्हणजे जनुके. उरलेल्या मजकुरात कुठले जनुक केव्हा चालू करायचे, केव्हा बंद करायचे याच्या खुणा आहेत, आणि पुष्कळ मजकूर असा आहे की ज्याचा अर्थ अजून लागलेला नाही.

या पोथीत नेमक्या जागी हात घालण्याची युक्ती माणसाने शोधली नाही, ती जिवाणूंकडून शिकली. जिवाणूंवरही विषाणूंचे हल्ले होतात. हल्ल्यातून वाचलेला जिवाणू शत्रूच्या पोथीचा एक तुकडा कापून आपल्या पोथीत जपून ठेवतो, चोराचा फोटो चौकीत लावून ठेवावा तसा. पुन्हा तोच शत्रू आला की त्या तुकड्यावरून एक नक्कल निघते, ती नक्कल एका कात्रीला वाट दाखवते आणि कात्री शत्रूची पोथी बरोबर त्या जागी कापते. या तुकड्यांभोवतीची पुन्हापुन्हा येणारी चमत्कारिक अक्षरे १९८७ मध्ये ओसाका विद्यापीठातल्या इशिनो यांना प्रथम दिसली, पण ती कशासाठी आहेत हे तेव्हा कळले नव्हते. स्पेनच्या मिठागरांतल्या सूक्ष्मजीवांवर काम करणाऱ्या मोहिका यांना पुढे सुचले की ही राखण असावी. २००७ मध्ये दही आणि चीजची विरजणे करणाऱ्या एका कंपनीच्या शास्त्रज्ञांनी ती राखणच आहे हे प्रयोगाने दाखवले. विरजणातल्या जिवाणूने एवढी विद्या सांभाळून ठेवली होती हे वाचल्यापासून मी गोपाळकाल्याकडे जरा जास्त आदराने पाहतो! २०१२ मध्ये जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पांतिए यांनी दाखवले की वाट दाखवणारी ती नक्कल आपण हवी तशी लिहून दिली तर कात्री आपण सांगू तिथे कापते. पुढच्याच वर्षी ती माणसाच्या पेशींत चालली. २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल या दोघींना मिळाले. युक्तीचे नाव क्रिस्पर, कात्रीचे कॅस-९.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण जाहिरातीत ती सांगत नाहीत. ही कात्री आहे, लेखणी नाही. ती कापते. कापलेले सांधायचे काम पेशी स्वतः करते, तेही घाईने, आणि घाईत दोनचार अक्षरे गळतात किंवा जास्तीची येतात. एखादे जनुक बंद पाडायचे असेल तर एवढे पुरते. नेमके अक्षर बदलायचे असेल तर जास्त खटपट लागते. कधी कात्री तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या जागीही चालते. २०१६ पासून न कापता एकेक अक्षर बदलणारी सुधारित हत्यारे आली आहेत आणि ती झपाट्याने चांगली होत आहेत. तरी तीनशे कोटी अक्षरांच्या पोथीत आपण अजून बोट ठेवूनच वाचतो आहोत.

या कात्रीने काय साधले ते सिकलसेलच्या आजारावरून कळते. हा आजार आपल्या घरचा आहे. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात आणि विदर्भातल्या अनेक समाजांत तो आहे. सिकल म्हणजे विळा. रक्ताचा लाल रंग ज्या हिमोग्लोबिनमुळे येतो त्याच्या जनुकात एक अक्षर, फक्त एक, बदललेले असते. त्यामुळे गोल, लवचिक असणारी तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, ताठरते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. मग हातापायांत, पाठीत, छातीत कळा उठतात. ज्यांनी अशा लेकराला कळ आलेली पाहिली आहे त्यांना मी जास्त सांगायला नको. अंगातले पाणी कमी झाले, गारठा लागला, दमछाक झाली की कळ उठते. कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी निघते, विदर्भातून किती दिंड्या पंढरीला येतात. ऊन, पाऊस, चाल, तहान, या चारांवाचून वारी होते का? म्हणजे आपल्याला जी वाट आनंदाची वाटते ती या लेकराला दवाखान्यात नेऊ शकते.

एका बाजूनेच ते बदललेले अक्षर आले तर माणूस वाहक असतो. त्याला सहसा त्रास होत नाही, उलट मलेरियाच्या घातक झटक्यापासून त्याचे बरेच रक्षण होते. जंगलपट्ट्यात हे अक्षर टिकले ते म्हणूनच. दोन्ही बाजूंनी आले तर आजार. म्हणजे तेच अक्षर एका भावाला तारते आणि दुसऱ्याला मारते. ‘चांगले जनुक’, ‘वाईट जनुक’ अशी भाषा ज्यांच्या तोंडी सहज येते त्यांनी या एका अक्षरापाशी थोडे थांबावे.

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने, आणि त्याआधी नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने, या आजारावर क्रिस्परच्या पहिल्या उपचाराला मान्यता दिली. त्यात ते बिघडलेले अक्षर दुरुस्त करीत नाहीत. गर्भात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते. जन्मानंतर काही महिन्यांत शरीर त्याचे उत्पादन थांबवते आणि मोठ्या माणसाचे हिमोग्लोबिन सुरू होते. त्या थांबवणाऱ्या कळीवर कात्री चालवतात. मग आईच्या पोटात असताना वाहिलेले ते जुने रक्त पुन्हा तयार होऊ लागते आणि पेशी वाकत नाहीत. रुग्णाच्याच मूळपेशी काढतात, प्रयोगशाळेत त्यांच्यावर हे काम करतात, कडक औषधाने जुनी मज्जा रिकामी करतात आणि दुरुस्त पेशी परत सोडतात. काम महिनोन्‌महिने चालते आणि सोपे मुळीच नसते. पण पुरेसा काळ पाहता आलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग वर्षभर मोठी कळ आली नाही.

यावर ‘प्रारब्ध’ म्हणणाऱ्या महाराजांना माझे उत्तर साधे आहे. तुम्हाला चष्मा आहे. तुमच्या गुडघ्याला मलम लागते. तुमच्या नातवाला लसी टोचल्या आहेत. प्रारब्ध तुमच्या दारी आले की दवाखाना आठवतो आणि धडगावच्या लेकराच्या दारी गेले की सिद्धान्त आठवतो, हा न्याय कुठला? संतांनी स्वतःच्या वाट्याचे दुःख प्रारब्ध म्हणून सोसले असेल. दुसऱ्याच्या दुःखाकडे बोट दाखवून ‘भोग तुझे’ म्हणण्यासाठी त्यांनी तो शब्द वापरायला शिकवले नाही. तान्ह्या अर्भकाच्या रक्तातले अक्षर बिघडले असेल आणि ते नीट करता येत असेल, तर ती पाठशुद्धी आहे. करा, लवकर करा. २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात एका बाळासाठी, त्याच्या एकट्याच्या बिघाडासाठी, औषध काही महिन्यांत घडवून दिले गेले. त्या बाळाच्या यकृतात अमोनियाचा निचरा होत नव्हता. असे काम करणाऱ्या माणसांना कुणी सेवेकरी म्हटले तर मला त्यात वावगे वाटणार नाही.

मग भांडण कुठे आहे?

२०१८ च्या नोव्हेंबरात हाँगकाँगच्या परिषदेत ह चिअन-ख्वेय नावाच्या चिनी शास्त्रज्ञाने जाहीर केले की त्याने गर्भपिंडांवर ही कात्री चालवली आणि त्यातून जुळ्या मुली जन्माला आल्या आहेत. बापाला एचआयव्हीची लागण होती. मुलींना ती कधी होऊ नये म्हणून विषाणूला पेशीत शिरायचा दरवाजा असलेले एक जनुक त्याने बंद करायला घेतले. ऐकायला किती पुण्यकर्म वाटते! पण तपशील पाहा. बापाकडून बाळाला लागण होऊ नये यासाठी वीर्य धुऊन घेण्याची पद्धत आधीच होती आणि ती वापरलीही होती. त्या मुलींना रोग नव्हता, होण्याचा तसा धोकाही नव्हता. तिथे बरे करायला कुणी आजारीच नव्हते. जे केले ते वरचढपणासाठी, पुढे कधी उपयोगी पडेल म्हणून. त्यातही काम अर्धवट झाले. एकीच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बदलल्या, दुसरीची एकच, आणि युरोपातल्या काही माणसांत निसर्गतः आढळणारा जो बदल त्याला हवा होता तो नेमका एकीतही उतरला नाही. कशीबशी, आधी कुणात न पाहिलेली अक्षरे तिथे बसली. शिवाय ते जनुक बंद असलेल्या माणसांना दुसऱ्या एका विषाणूचा, वेस्ट नाईलचा, आजार जास्त जाचतो असे दिसून आले आहे. २०१९ च्या अखेरीस चीनच्या न्यायालयाने त्याला तीन वर्षांची कैद दिली. तो २०२२ मध्ये सुटला. त्या मुली आता शाळेत जात असतील. त्यांना विचारून कुणी काही केले नव्हते, विचारता येणेच शक्य नव्हते, आणि उद्या त्यांना मुले झाली तर त्यांच्याकडेही ती अक्षरे जाऊ शकतात.

इथे फरक नीट धरा. सिकलसेलच्या रुग्णाच्या मज्जेवर केलेले काम त्या माणसापाशीच थांबते. गर्भपिंडावर केलेले काम पुढच्या पिढ्यांच्या प्रतींत उतरते. नाथांची उपमा मी दिली, पण ती इथे अपुरी पडते हेही सांगायला हवे. पोथीत कुणी ओवी घुसवली तर शंभर वर्षांनी कुणी अभ्यासक ती शोधून काढून टाकू शकतो. माणसातून ओवी काढून टाकायची म्हणजे काय करायचे?

वर्धनाचा पुरस्कार करणारे मूर्ख नाहीत, त्यांचा सर्वांत जोरकस मुद्दा असा. निसर्ग तरी कुठे सारखे वाटतो? फिनलंडचा एरो मँतुरांता हा बर्फावरचा धावपटू घ्या. १९६४ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याने दोन सुवर्णपदके जिंकली. त्याच्या घराण्यात एक जनुकबदल होता आणि त्यामुळे रक्तात तांबड्या पेशी पुष्कळ जास्त होत्या, हे पुढे संशोधनातून कळले. त्याला जे फुकट मिळाले ते सगळ्यांना मिळावे म्हटले तर बिघडले कुठे? आणि लस तरी काय आहे? निरोगी बाळालाच आपण ती देतो. ते वर्धन चालते, हे का नाही?

प्रश्न रास्त आहे. सीमारेषा भिंतीसारखी नाही, शेताच्या बांधासारखी आहे, पावसाळ्यात थोडी सरकते, हे मी मान्य करतो. पण बांध सरकतो म्हणून तो नाहीच असे कुणी शेतकरी म्हणत नाही. लस समोरच्या देहाला मिळते, त्याच्यापाशी थांबते, आणि ती गावातल्या प्रत्येक बाळाला सारखी मिळाली तरच तिचा पुरा उपयोग. वर्धनाचे नेमके उलट आहे. माझे मूल उंच झाले याला अर्थ तेव्हाच, जेव्हा शेजारच्याचे तेवढे उंच नाही. सगळ्यांना दिले की त्याची किंमत शून्य. म्हणून ते सगळ्यांना द्यायचा कुणाचा विचारच नसतो. माझी कसोटी विद्वानांची नाही. मी विचारतो, कण्हते कोण आहे? सिकलसेलमध्ये लेकरू कण्हते आहे. उंच मुलाच्या मागणीत कुणीही कण्हत नाही, आईबापांचा अहंकार तेवढा हट्ट धरून बसला आहे.

बरे, जे विकायला निघालेत ते त्यांच्यापाशी आहे का? तेही नाही. २०२२ मध्ये पन्नास लाखांहून अधिक माणसांच्या जनुकपोथ्या तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उंचीशी संबंध असलेल्या बारा हजारांहून जास्त जागा त्यात सापडल्या. एकेका जागेचा वाटा केसाएवढा. बुद्धीचे तर याहून गुंतागुंतीचे. बारा हजार ठिकाणी कात्री कोण आणि कशी चालवणार, आणि त्यांतल्या प्रत्येक जागेचे शरीरात दुसरे काय काम आहे ते कोण सांगणार? तरी अमेरिकेत आज गर्भपिंडांची गुणपत्रिका काढून देणाऱ्या कंपन्या आहेत, आणि लोक पैसे मोजून त्यावरून गर्भपिंड निवडताहेत.

हे सगळे परदेशी आहे, आपल्याला काय, असे वाटत असेल तर जरा आपल्या गावाकडे वळा. गर्भजल तपासण्याची विद्या आपल्या देशात १९७० च्या दशकात आली ती कशासाठी? जन्मजात आजार ओळखण्यासाठी. म्हणजे पाठशुद्धीसाठीच. तिचे पुढे काय झाले? मुलगी आहे का ते पाहण्याची ती चावी झाली. १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी त्याविरुद्ध कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राने केला, आणि तरीही २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ९१३ असलेल्या मुली २०११ मध्ये ८९४ वर आल्या. बीड जिल्ह्यात ८०७. बीड जिल्हा, माउली! जिथल्या गावागावांत पारायणे होतात, जिथून दिंड्या निघतात. ज्यांनी त्या तपासण्या करून घेतल्या त्यांच्या गळ्यांत माळा नव्हत्या असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? मुक्ताबाईंचे ताटीचे अभंग म्हणणारे आपण, जनाबाईंच्या ओव्या दळताना गाणारे आपण. यंत्र आजारासाठी आले होते, आपण त्याला आपली आवड शिकवली. आता त्याच हातांत त्याहून धारदार यंत्र येऊ घातले आहे. ते हात कापरे होतील असे मला तरी दिसत नाही.

आणि यंत्र यायच्या आधीच बाजार मांडून झाला आहे. गर्भसंस्काराचे वर्ग पाहा. गरोदर बाईने प्रसन्न राहावे, चांगले खावे, चांगले ऐकावे, नामस्मरण करावे, यात वाईट काय असणार? पण फलकावर लिहिलेले असते की तेजस्वी, गोरे, बुद्धिमान अपत्य मिळेल. गोरे! ज्याच्या दर्शनाला आपण शेकडो मैल चालतो तो विटेवर काळाच उभा आहे, आणि हरिपाठाच्या ध्वनिफिती लावून आपण गोरे मूल मागतो. ज्या घरात हे मागणे झाले आहे त्या घरात उद्या कात्रीवाला येऊन म्हणाला की मी खात्रीने देतो, तर दार लावायला कोण उठेल?

माझ्या रागाचे मूळ मात्र आणखी खोल आहे. आपला पंथ कशावर उभा राहिला? जन्मावरून माणसाची किंमत ठरवणाऱ्यांशी झालेल्या भांडणावर. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही चार भावंडे संन्याशाची पोरे म्हणून वाळीत पडली. दोष त्यांच्या जन्मात काढला गेला. चोखोबांना महाद्वाराबाहेर ठेवले ते जन्मावरूनच. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत पडून ते गेले, तेव्हा नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी दिली. ‘जन्माने श्रेष्ठ’ या शब्दांचे विष आपल्या संतांनी प्यायले आहे. पश्चिमेत हेच विष विज्ञानाचे नाव घेऊन आले. १८८३ मध्ये इंग्लंडच्या गॉल्टनने त्याला सुप्रजननाचे नाव दिले, १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘कमी प्रतीच्या’ ठरवलेल्या माणसांची सक्तीने नसबंदी करायला मान्यता दिली, आणि जर्मनीत १९३३ च्या कायद्याखाली सुमारे चार लाख माणसांवर ती झाली. आज सक्ती नाही, निवड आहे, असे सांगतात. पण ज्याला परवडते त्याच्या घरी जन्मतःच श्रेष्ठ, ज्याला परवडत नाही त्याच्या घरी जन्मतःच हलका, असे झाले की ते पुन्हा कुळाचे प्रमाणपत्रच झाले. फरक एवढाच की या वेळी त्यावर प्रयोगशाळेचा शिक्का असेल, आणि तो खोटा म्हणून फाडताही येणार नाही.

कूर्मदासाची कथा कीर्तनात तुम्ही ऐकली असेल. पैठणचा, हातपाय थोटे, सरपटत वारीला निघाला. लऊळपर्यंत आला आणि पुढे जाववेना. पांडुरंग त्याला भेटायला लऊळला गेला. ही कथा सांगून ‘बघा, थोटेपण हीच देवाची कृपा’ असे कुणी म्हणाले तर मला ते पटत नाही. कूर्मदासाला पाय देता आले असते आणि त्याला ते हवे असते, तर देऊ नयेत असे कुठला वारकरी म्हणाला असता? पण कथा पुन्हा ऐका. देवाने त्याला सुधारून मग भेट दिली नाही. तो होता तसाच पुरेसा होता. वर्धनवाल्यांच्या गुणपत्रिकेवर कूर्मदासाचा गर्भपिंड पहिल्याच चाळणीत बाजूला पडला असता, आणि त्याला बाजूला करणाऱ्याला वाटले असते की आपण त्याच्यावर उपकारच केले.

‘मग माणसाने सुधारूच नये का?’ असे तरुण मुले मला विचारतात. सुधारावे की! गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतांच्या डोक्यांवर मारून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले. नामदेव रुसले, आणि मग विसोबा खेचरांकडे गेले. माती तीच राहिली, भाजली गेली. आणि मुख्य म्हणजे रुसणारे आणि जाणारे नामदेव स्वतः होते. शिकणाऱ्याला नाही म्हणता येते, उशीर करता येतो, पळून जाता येते. न जन्मलेल्याला यातले काहीच करता येत नाही. आईबाप मूल शिकवतात आणि आईबाप मूल घडवून मागवतात, या दोहोंत हा फरक आहे. मागवलेल्या वस्तूत दोष निघाला की माणूस दुकानात भांडायला जातो. मागवलेले मूल वर्गात तिसावे आले तर तो कुणाशी भांडेल? मुलाशीच.

आपल्या देशात गर्भपिंडावर असे काम करून मूल जन्माला घालायला आजमितीस मनाई आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत ते स्पष्ट आहे. पण सूचना आणि कायदा यांत अंतर असते, आणि कायदा आणि बीड यांत किती अंतर असते ते वर पाहिलेच.

दरम्यान जे करायला हवे ते बाजूला पडले आहे. सिकलसेलच्या त्या उपचाराची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर होती, म्हणजे त्या वेळच्या दराने अठरा कोटींच्या वर. अक्कलकुवा तालुक्यातल्या पाड्यावर हा आकडा सांगून पाहा. म्हणून दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेने स्वतःची स्वस्त कात्री घडवायला घेतली, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात ‘बिरसा १०१’ या नावाने तो उपचार पुढे आणून पुण्याच्या सीरम कंपनीकडे तंत्र सोपवले. नाव बिरसा मुंडांचे दिले आहे. ते नाव ज्यांचे, त्यांच्या पाड्यापर्यंत औषध गेले पाहिजे, आणि यासाठी टाळ हातात घेऊन सरकारच्या दारात उभे राहावे लागले तर आपण राहिले पाहिजे. उंच मुलांच्या स्वप्नासाठी जगात पैसा उभा राहतो आहे, कळ सोसणाऱ्या लेकरांसाठी राहायला वेळ लागतो.

औषध पाड्यावर पोचेपर्यंतही पुष्कळ करता येते. २०२३ च्या जुलैपासून केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे, सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे. बोटातल्या थेंबभर रक्तावर पहिली चाचणी होते. हायड्रॉक्सियुरिया नावाची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमाने घेतली तर बहुतेक रुग्णांच्या कळा कमी होतात. ती महाग नाही. विदर्भ-खानदेशातल्या सप्ताह समित्यांनी सात दिवसांतला एक दिवस आरोग्य केंद्राच्या माणसांना मंडपात बसू द्यावे, काकड्यानंतर, गर्दी असते तेव्हा. लग्न जुळवताना पत्रिका पाहता ना? त्याबरोबर दोघांची ही कार्डेही पाहा. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भाला आजाराची शक्यता चारात एक असते, ते डॉक्टरांशी बोलून घ्या. मात्र मुलगी वाहक निघाली म्हणून स्थळ मोडायला कुणी ते कार्ड वापरू लागले, तर गावातल्या माळकऱ्यांनी त्या ओसरीवर जाऊन बसावे आणि वाहक म्हणजे रोगी नव्हे हे मुलाच्या आईला, चहा थंड होईपर्यंत, समजावून सांगावे. आणि आषाढीला तुमच्या दिंडीत असे लेकरू असेल तर त्याचे दप्तर ट्रकमध्ये टाका, त्याला तासातासाला पाणी पाजा, पावसात भिजले तर आधी कोरडे कपडे घाला, चालवेना झाले तर खांद्यावर घ्या.